घुम्याच्या दोनशे खिडक्या

आमच्या हॉस्पिटलचा सर्व्हर मी पाडला. हाताने नव्हे, हात लागावा इतक्या जवळ मला कुणी जाऊच दिलं नसतं. मी तो एका शब्दाने पाडला, आणि तो शब्द होता 'ठीक'.

हॉस्पिटलात सूचना लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. 'लिफ्ट बंद आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व' इथपासून 'रुग्णाजवळ एकाच नातेवाइकाने थांबावे' इथपर्यंत भिंतीवर दिसेल ते सगळं वाङ्मय माझं. वाचक अमाप, प्रतिसाद शून्य. आता ज्या ऑपरेशनांची घाई नसते, म्हणजे हर्निया, गुडघा, मोतीबिंदू वगैरे, त्यांच्या तारखा आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या सोमवारी वेबसाइटवर खुल्या होतात. ज्याने आधी निवडली त्याला मिळते. पूर्वी हे कुणाच्या लक्षात राहायचं, कुणाच्या नाही. म्हणून अधीक्षकांनी मला बोलावून सांगितलं, "सगळ्यांना एक मेसेज जाऊ द्या. जरा जोरदार लिहा." मी लिहिलं: 'तारखांची नोंदणी सोमवारी सकाळी ठीक नऊ वाजता सुरू होईल. तारखा मर्यादित आहेत. विलंब करू नये.'

छोटीछोटी वाक्यं, पण कशी घणाच्या घावासारखी! ती हजारो लोकांना एकदम गेली. एरवी माणसाला कुठलीही वेळ द्या, तो थोडंफार इकडेतिकडे करतोच. त्या सोमवारी मात्र सगळेच्या सगळे नऊला आले. बघता बघता वेबसाइट आडवी झाली, हॉस्पिटलातले झाडून सगळे फोन वाजायला लागले, आणि तळघरातून माझा मेहुणा एक हात पोटावर दाबून जिना चढत वर आला.

"भाऊजी," तो म्हणाला, "'ठीक' कशाला लिहिलंत?"

"मग काय लिहायला हवं होतं? 'साधारण'?"

"हो," म्हणाला, आणि आला तसा जिना उतरून गेला.

हा माझा मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. हॉस्पिटलचा सर्व्हर तोच सांभाळतो, एकटा. पूर्वी दोघं होते. दुसऱ्याला बरी नोकरी मिळाली, आणि त्याची खुर्ची तेवढी घुम्याला मिळाली, पाय ठेवायला. घुम्या हे त्याचं घरातलं नाव. लहानपणी पाहुणे आले की तो पलंगाखाली जाऊन बसायचा आणि पाहुणे गेले की निघायचा, म्हणून सासूबाईंनी ते ठेवलं. आता पन्नाशी जवळ आली, केस पांढरे झाले, पण नाव काळंभोर आहे. लग्न केलं नाही. का केलं नाही विचारलं तर म्हणतो, "राहून गेलं." छत्री गाडीत राहून जावी तसं.

राहतो आमच्याकडेच, मागच्या खोलीत. सकाळी आमचा चहा व्हायच्या आत त्याचा लॅपटॉप उघडलेला असतो. जेवताना फोन ताटाच्या डाव्या बाजूला, जिथे आपण मीठ वाढतो तिथे. तो वाजला की घास हातात तसाच, आणि माणूस मागच्या खोलीत. हिने एकदा चिडून विचारलं, "अरे, तिकडे हॉस्पिटलात माणसं आजारी आहेत की तुझं मशीन?" तो म्हणाला, "ताई, मशीन आजारी नसतं. दमतं." मग जरा थांबून, "आमटी दे."

त्याच्या पोटावरच्या हाताचं कारणही मशीनच. वीज गेल्यावर सर्व्हर चालू राहावा म्हणून तळघरात यूपीएसच्या बॅटऱ्या आहेत. त्यातली एक बदलायची होती, उचलणारी माणसं वेळेवर आली नाहीत, आणि साहेबांनी ती एकट्याने उचलली. बॅटरी जागेवर बसली, पोटातलं काहीतरी जागेवरून उठलं. हर्निया. तेव्हापासून तो उजव्या कुशीखाली हात दाबून चालतो. आमची ही म्हणते, "कसा चालतोय बघा, कुणाच्या घरातून काही लांबवल्यासारखा."

सर्जनबाईंनी त्याला तपासलं आणि स्पष्ट सांगितलं: आत्ता साधं ऑपरेशन आहे, सकाळी या, दुसऱ्या दिवशी घरी जा. पण आतडं त्यात अडकलं तर मग तारीख तुम्ही ठरवणार नाही आणि मीही नाही, ती पोट ठरवेल. तेव्हा लांबवू नका.

"मग तुम्हीच द्या ना एखादी तारीख," त्याच्याबरोबर गेलेली ही म्हणाली. "तुमच्याच तर हॉस्पिटलातला आहे."

"म्हणूनच देता येत नाही," बाई म्हणाल्या.

त्याचं असं झालं होतं की पूर्वी आमच्या तारखा आतल्या आतच संपायच्या. डॉक्टरांचा भाचा, लेखापालांची मावशी, आणि लिफ्टवाल्याचे तर इतके सख्खे काका निघाले की त्याच्या आजोबांविषयी आदर वाटावा. बाहेरच्या माणसाच्या वाट्याला मग पुढल्या वर्षीची तारीख. त्यावरून मोठी बोंब झाली आणि नियम निघाला: तारीख फक्त वेबसाइटवर, सगळ्यांना सारखी, कर्मचाऱ्यांनासुद्धा. ती वेबसाइट बांधताना सर्व्हरवर बसला होता घुम्या. म्हणजे दार त्याने लावलं, आणि आता त्याच दाराबाहेर पोट धरून तोच उभा.

आणि तोही नऊ वाजता! नऊ वाजता सगळं गाव तारीख निवडत असतं तेव्हा हा पडलेला सर्व्हर उठवत असतो. सर्व्हर उठेस्तोवर दुपार होते, आणि तो उठला की बाकीचे क्षणात तारखा घेऊन मोकळे. पहिल्या महिन्यात माझ्या 'ठीक'ने त्याची तारीख गेली. मी घरी दोन दिवस पडेल चेहऱ्याने वावरलो. तिसऱ्या दिवशी हीच म्हणाली, "पुरे आता. त्याचं दुखतंय, आणि तोंड तुमचं वाकडं!"

दुसऱ्या महिन्याची गोष्ट त्याहून वाईट, कारण तिच्यात माझा हात नव्हता.

अधीक्षकांनी बैठक बोलावली. गृहस्थ तसा चांगला, पण कुठलंही दुखणं डोस वाढवून बरं होतं अशी त्याची श्रद्धा. त्याने विचारलं, "एका वेळी किती लोकांचं काम करतो हा सर्व्हर?"

"दोनशे," घुम्या म्हणाला.

"फक्त? आणि तो आकडा कुठे लिहिलेला असतो?"

"सेटिंगच्या फाइलमध्ये."

"मग लिहा ना दोन हजार! कीबोर्डवर एक शून्य जास्त दाबायला काय जातंय?"

मला ते इतकं पटलं की मी मान डोलावली. घुम्याने एकदा अधीक्षकांकडे पाहिलं, एकदा माझ्या मानेकडे पाहिलं. नको म्हणायला तोंड उघडलं असावं, कारण ते मिटताना मला दिसलं. नंतर मी त्याला विचारलं, तुला ठाऊक होतं तर बोलला का नाहीस? म्हणाला, "बोलायला लागलो असतो तर दुपार गेली असती. दमलो होतो." तर त्याने दोन हजार लिहिले. चूक आहे हे माहीत असून, स्वतःच्या हाताने. दमलेला माणूस काय काय कबूल करतो याला सीमा नाही. मी स्वतः तसाच एक सोफा घेऊन बसलोय.

सोमवारी वेबसाइट पडली नाही. पडली असती तर बरं. ती नुसती थिजली. पान अर्धं उघडायचं आणि तिथेच राहायचं, रागावलेल्या सुनेने अर्धवट उघडलेल्या दारासारखं; आतही घेत नाही, लावूनही घेत नाही. लोक ताटकळले, पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले, आणि शेवटी दुपारी सगळं बंद करून नव्याने सुरू करावं लागलं. घुम्याची दुसरी तारीख गेली.

त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता. बसलं की दुखतं, म्हणून. हिने त्याला गरम पाण्याची पिशवी दिली आणि मी त्याला प्रश्न दिला: जास्त माणसं कामाला लावली तर काम हळू का व्हावं? इतकी वर्षं तो घरात राहतोय, पण त्याचं काम काय हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

"भाऊजी, आपल्या केसपेपरच्या खिडक्या आहेत ना?" तो म्हणाला. "तशा आत दोनशे खिडक्या आहेत असं समजा. आम्ही थ्रेड म्हणतो. एका खिडकीवर एका वेळी एक माणूस."

"बरं."

"पण प्रत्येक खिडकीवरच्या कारकुनाला मागच्या कपाटातली फाइल लागते. आणि कपाटाकडे जायची वाट आहे चाळीस माणसांची. ते कपाट म्हणजे डेटाबेस. आता खिडक्या केल्या दोन हजार. कारकून किती झाले?"

"दोन हजार."

"कपाटापर्यंत किती पोचतात?"

"चाळीस."

"बाकीचे?"

बाकीचे वाटेत एकमेकांच्या पायावर पाय देत उभे, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं. आमच्या लेखा विभागात मी ते रोज बघतो.

"शिवाय प्रत्येक कारकुनाला खुर्ची लागते," तो म्हणाला. "ती मेमरीतून जाते. इतक्या खुर्च्या मांडल्या की खोलीच उरली नाही."

हे त्याचं माझ्या आठवणीतलं सर्वांत मोठं भाषण. ही पोळ्या लाटता लाटता थांबली होती. म्हणाली, "मग तू त्या अधीक्षकांना हेच का नाही सांगितलंस? किती सोपं आहे!" त्यावर त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तिथे पोळ्या नव्हत्या, ताई."

पुढचा महिनाभर तो त्या एका फाइलच्या मागे होता. मला वाटायचं, फाइल म्हणजे मोठी पोथी असेल. एक दिवस डोकावलो तर पानभर मजकूर, आणि त्यातही आकडे बदलायचे ते चार-सहा. त्या चार-सहा आकड्यांसाठी हा माणूस रोज खोटी गर्दी तयार करायचा, ती सर्व्हरवर सोडायचा, कुठे अडतंय ते बघायचा, एक आकडा बदलायचा, पुन्हा गर्दी सोडायची. सगळे आकडे एकदम बदलायचे नाहीत. मी विचारलं, का? तर म्हणे, भाजी बिघडली तर मीठ जास्त की तिखट ते कळलं पाहिजे.

खिडक्या त्याने परत दोनशेवर आणल्या आणि कपाटाकडची वाट तेवढी थोडी रुंद केली. खिडक्यांच्या समोर हॉल. एका वेळी आत किती जणांना घ्यायचं तो एक आकडा. हॉल भरला की बाहेर बाक. बाकावर किती बसतील तो दुसरा. बाकही भरला तर दारातूनच 'थोड्या वेळाने या' म्हणून सांगायचं. हे त्याला फार महत्त्वाचं वाटायचं. मी म्हटलं, अरे, परत पाठवणं बरं दिसतं का? तो म्हणाला, "ताटकळत ठेवण्यापेक्षा बरं." नोकरी, लग्न, घराचा दुरुस्तीवाला, सगळ्यांना लागू पडेल असं वाक्य, पण त्याला त्याचं काही नव्हतं, तो पुढच्या आकड्याकडे वळला होता.

तो पुढचा आकडा फुकट खिडकी अडवणाऱ्यांचा. असे महाभाग पुष्कळ असतात. आत येतात, तारखेवर बोट ठेवतात, आणि मग चष्मा शोधायला जातात, किंवा सुनेला फोन लावून विचारतात. तोवर ती तारीख त्यांच्या नावाने अडून राहायची, मागचे खोळंबायचे. घुम्याने ती मुदत छाटून टाकली. तारीख निवडून दोन मिनिटं गप्प राहिलात की तारीख सुटली, तुम्ही बाहेर.

"दोन मिनिटं फार कमी होतात रे," ही म्हणाली. "म्हातारी माणसं असतात."

"म्हाताऱ्यांचे अर्ज नातवंडं भरतात, ताई. ती वीस सेकंदांत भरतात."

आणि एक मागचं दार त्याने वेगळं ठेवलं. पुढे कितीही गर्दी झाली तरी त्याला स्वतःला आत शिरता यावं म्हणून वेगळा रस्ता, त्याच्या वेगळ्या चार-दोन खिडक्या. मागल्या दोन्ही वेळी त्यालाच आत शिरायला जागा नव्हती. घराला आग आणि बंबवाला रांगेत.

माझ्या वाट्याला काम आलं ते मेसेज बदलण्याचं. त्याने मला लिहायला लावलं: 'सोमवारी सकाळी नऊ ते बारा या वेळात केव्हाही यावे. तारखा दर अर्ध्या तासाने थोड्या थोड्या खुल्या होतील. घाई करण्याची गरज नाही.' मी म्हटलं, याला काही धार नाही, काही जोर नाही, हे काय वाक्य आहे! तो म्हणाला, "झोप येते ना वाचून?" मी म्हटलं, येते. म्हणाला, "छान. पाठवा."

सोमवारी मी तळघरात गेलो. ती खोली म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, काचेपलीकडे गुणगुणणारी कपाटं, आणि भर दुपारीही स्वेटर घालावा असा गारवा. टेबलावर दोन पडदे. एकावर सर्व्हरची नाडी: किती खिडक्या चालू, बाकावर किती. दुसऱ्यावर त्याने रुग्णांचं पान उघडून ठेवलं होतं, तुमच्याआमच्यासारखं, पुढच्या दाराने. स्वतःचं नाव, वय, आजार भरून बसला होता. हात कुशीवर. आदल्या आठवड्यात दुखणं वाढलं होतं. जिना चढताना तो मध्ये थांबून जिन्याचे कठडे तपासल्यासारखं करायचा.

नऊ वाजले. रेघ वर चढली, ऐंशी, दीडशे, एकशे नव्वद, आणि तिथे टेकून राहिली. बाकावर माणसं बसली. बाक हलला. पुढे सरकला. कुणी पडलं नाही, कुणी थिजलं नाही. अधीक्षकांचा फोन आला, "काय झालं? काहीच का होत नाहीये?" घुम्या म्हणाला, "हेच व्हायचं होतं," आणि ठेवून दिला.

"अरे, तुझी तारीख!" मी म्हटलं.

त्याने दुसऱ्या पडद्यावर बोट ठेवलं. पुढच्याच आठवड्यातली, मंगळवार सकाळ. मला इतका आनंद झाला की मी खिशातला फोन काढून हिला लावलासुद्धा. तेवढ्यात पहिल्या पडद्यावरची रेघ जराशी थरथरली. कपाटाच्या वाटेवर काहीतरी अडलं होतं. तो तिकडे वळला. काय काय बघितलं, एक काहीतरी लिहिलं, पुन्हा बघितलं. रेघ शांत झाली. मग खुर्ची फिरवून त्याने 'नक्की करा' या बटणावर बोट नेलं.

पडद्यावर अक्षरं होती: 'आपली मुदत संपली आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करावा.'

ती अक्षरंही माझीच होती. त्याने मागितली तेव्हा मीच लिहून दिली होती, आणि 'कृपया' घालायचं की नाही यावर पाव तास घातला होता.

फोनवर ही विचारत होती, "मिळाली का? मिळाली का हो?" मी म्हटलं, "मिळाली होती."

त्याने पान नव्याने उघडलं. मंगळवार गेला होता, बुधवार, गुरुवार, सगळा आठवडा गेला होता. त्याची व्यवस्था फारच सुरेख चालली होती. लोक भराभरा येत होते आणि भराभरा तारखा घेऊन जात होते. मला राहवेना.

"अरे, ते मागचं दार आहे ना तुझं? तिथून जा आत आणि लाव तुझं नाव मंगळवारी. कुणाला कळणार आहे?"

"मंगळवारी कुणीतरी असेल आता."

"असेल. त्याला बुधवार दे."

"बुधवारवाल्याला?"

"तू तर असा आहेस ना..." मी चिडलो. "लिफ्टवाल्याचे तेवढे काका चालतात, आणि तुझं पोट चालत नाही?"

"ते दार दुरुस्तीचं आहे, भाऊजी," तो म्हणाला, तेही रागाने नाही, सवयीने. आणि बाकावर जाऊन बसला. म्हणजे खुर्चीवरच, पण आता तो त्या दुसऱ्या पडद्यावर रांगेतला एक होता, आणि पहिल्या पडद्यावर त्या बाकावरच्या आकड्यात एकाची भर पडलेली मला दिसली. दर अर्ध्या तासाने थोड्या तारखा खुल्या होत, आणि दर वेळी त्याचा नंबर लागेस्तोवर संपत. मधूनमधून रेघ थरथरे आणि तो तिकडे वळे. मी म्हटलं, मी धरून बसतो तुझी जागा, तू तिकडे बघ. तर नको म्हणाला.

शेवटच्या खेपेला त्याला एक तारीख मिळाली. या वेळी त्याने आधी बटण दाबलं, मग वाचलं. पुढच्या महिन्याचा पहिला सोमवार. सकाळी नऊ.

आम्ही दोघंही त्या तारखेकडे बघत बसलो. पुढच्या नोंदणीचा सोमवार, पुढच्या नोंदणीची वेळ. कुणीच का घेतली नसावी ती तारीख? काही नाही, ती सगळ्यांत शेवटी होती, एवढंच. वर ऑपरेशन टेबलावर घुम्या, आणि खाली तळघरात दोनशे खिडक्या, एक बाक, आणि पाय ठेवायची रिकामी खुर्ची.

"सोडायची नाही ही तारीख," मी म्हटलं. "तुझी ताई मला घरात घेणार नाही."

त्याने मान हलवली. सोडत नाही, अशी.

"दुसरा माणूस मागू अधीक्षकांकडे."

"दोन वर्षं मागतोय."

खोलीत कपाटांची गुणगुण तेवढी चालली होती. त्याने डोळे मिटून खुर्चीला मान टेकली. पांढरे केस, कुशीवर तळहात, आणि डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं की ती झोपेने जातील असं वाटत नव्हतं. मला एकदम भरून आलं. हा माणूस माझ्या घरात राहतो, माझ्या शब्दाने त्याची तारीख गेली, माझ्या मानेने त्याची दुसरी तारीख गेली, आणि मी त्याच्यासाठी काय केलं? मी खुर्ची पुढे ओढली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "तू अगदी निर्धास्त जा. त्या दिवशी इथे मी बसतो. सर्व्हरकडे मी बघतो."

घुम्याने एक डोळा उघडला.

"मग डॉक्टरांना सांगा, भूल देऊ नका."